मागायला आलेली माणसं

वाक्य बरोबर जमलंय का, एवढंच विचारायला तो सकाळी सव्वाआठला तोआकाईच्या टेबलापाशी आला. हॅलोरन त्याचं नाव. समुद्रापलीकडच्या मोठ्या देशातून आलेला इंजिनियर, उंच, नाक उन्हानं सोललेलं, वागायला सभ्य. त्यानं खिशातून कागद काढला, घसा साफ केला आणि बैरिकीच्या त्या सरकारी कचेरीत, पंख्याच्या खडखडाटात, तोआकाईच्याच भाषेत वाक्य म्हणून दाखवलं: मी तुमच्याकडे बुबुसी घेऊन आलो आहे. शेवटचा शब्द त्यानं जरा लांबवला होता. तोआकाईनं सवयीनं तो दुरुस्त केला. असा नाही, आखूड म्हणा, आणि म्हणताना मान थोडी खाली घ्या. हॅलोरननं मान खाली घेऊन पुन्हा म्हटलं. आता छान जमलं, असं तोआकाई म्हणाला, हॅलोरन आभार मानून गेला, आणि तो गेल्यावर कुठं तोआकाईच्या लक्षात आलं की आपण आत्ता काय करून बसलो.

बुबुसी म्हणजे मागणं. पण तारावा बेटावर कुणी तो शब्द तोंडातून काढला की समोरच्यानं द्यायचं असतं, आणि देताना कपाळाला आठी घालायची नसते. नाही म्हणायची सोयच नाही. नाही म्हणणाऱ्याला कुणी मारत नाही की वाळीत टाकत नाही. फक्त तो उठून गेला की लोक त्याच्याबद्दल हलक्या आवाजात बोलतात, मग त्याच्या मुलांबद्दल बोलतात, आणि ते बोलणं तो मेल्यावरही चालू राहतं. तोआकाईला पहिली नोकरी लागली तेव्हा त्यानं लाल सायकल घेतली होती. तिसऱ्या दिवशी मावसभाऊ आला, चहा प्याला, सायकलभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, तुझ्याकडं बुबुसी घेऊन आलोय. दुसऱ्या दिवसापासून तोआकाई कचेरीत पायी जाऊ लागला. चार वर्षांनी त्यानं त्याच मावसभावाच्या होडीचं इंजिन मागितलं, आणि मावसभावानं ते निमूटपणे खांद्यावरून आणून दारात ठेवलं. ज्यानं मागितलं त्याच्याकडं उद्या मागता येतं, त्याचं दार माहीत असतं, तोंड माहीत असतं, एवढ्याच भरवशावर या वाळूच्या पट्ट्यांवर माणसं कैक पिढ्या जगली. आणि आता बाहेरच्या माणसानं येऊन हा शब्द पाठ करावा, आणि आपण त्याचा उच्चार घासूनपुसून हातात द्यावा! तो उठला आणि सरळ इओबीच्या खोलीत शिरला.

इओबी जमीन खात्याचा साहेब. शाळेत तो तोआकाईच्या मागच्या बाकावर बसायचा आणि त्याची गणितं उतरवायचा. त्याच्या भिंतीवर आता मोठा नकाशा होता. उत्तरेकडच्या आबाइती गावाच्या किनाऱ्यालगत लाल पेन्सिलीनं चौकोन काढला होता, आणि दक्षिणेकडं शहरावर निळ्या रेघा ओढल्या होत्या. लाल चौकोनातली वाळू आणि पोवळ्याचा चुरा खोदून तराफ्यांवरून शहरात आणायचा, तो पसरून शहराची जमीन माणसाच्या उंचीएवढी वर उचलायची, अशी ती योजना. लाल चौकोनात एक गोड्या पाण्याची विहीर होती, बाबाईच्या कंदांचे सात खड्डे होते, आणि ते सगळं नेई तबेराच्या नावावर होतं. नेई म्हणजे बाई, आणि ही बाई तोआकाईची आई.

"त्याला हे वाक्य कुणी शिकवलं?" तोआकाईनं विचारलं.

"मी," इओबी म्हणाला. त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. "दोन वर्षं फाइल पडून आहे. तुझी आई अंगठा देत नाही. बघते म्हणते, विचार करते म्हणते. मनिआबात, गावच्या सभाघरात, चारचौघांसमोर बुबुसी आली की विचार करायला जागाच उरत नाही. रीत आपलीच आहे ना? मग वापरू की."

"रीत आपली आहे. हा माणूस आपला नाही."

"तुझ्या घरात पाणी शिरतं, तेव्हा ते विचारतं का तू कुणाचा म्हणून?"

आपण या कामात दुभाषा म्हणून जाणं शोभत नाही, घरचाच मामला आहे, असं त्यानं सांगून पाहिलं. इओबीनं हात उडवले. कचेरीत दुभाषे दोन. दुसरी मुतखड्यानं आडवी होऊन फिजीच्या दवाखान्यात पडलेली. देशच एवढा लहान की कुणाच्याही जमिनीवर बोट ठेवलं तर ती कचेरीतल्या कुणाच्या तरी मामाची नाहीतर आईची निघणार. उलट बरंच आहे की, इओबी म्हणाला, आईला आपल्याच मुलाच्या तोंडून ऐकायला बरं वाटेल. नऊ वाजता ट्रक निघणार होता.

ट्रकच्या मागच्या फळीवर तो बसला. पुढं इओबी आणि हॅलोरन. रस्ता म्हणजे एकच, एका बाजूला खुला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला बेटांच्या कड्यानं वेढलेला आतला, मधे दुकानं, चर्च, डुकरांचे गोठे, गंजलेल्या गाड्या, वाळत घातलेले कपडे, पुन्हा चर्च. पाणी आज शांत होतं. गेल्या पौर्णिमेला मात्र ते त्याच्या घरात आलं होतं. गाजावाजा न करता आलं, दाराखालून, पाहुण्यासारखं. मेआउआनं, त्याच्या बायकोनं, चटया गुंडाळून माळ्यावर टाकल्या, तांदळाची गोणी टेबलावर चढवली आणि स्वतः टेबलाच्या कडेला बसून पाय वर घेतले. पाणी ओसरायला अडीच तास लागले, आणि नंतर आठवडाभर जमीन खारट, चिकट राहिली, पावलांना खाज सुटत होती. आज सकाळी निघताना मेआउआ चहा ढवळत म्हणाली होती, आईंना सांगा, ती जमीन तिथं पडून तरी काय करणार आहे? इथं आपली नातवंडं ओल्या जमिनीवर रांगणार. तिचं चूक नव्हतं. आईचंही नव्हतं. दोन्ही बायका बरोबर होत्या आणि हेच त्याला सहन होत नव्हतं. वाळू वाळूतून उचलायची, एका पोराच्या ताटातलं काढून दुसऱ्याला वाढायचं, आणि वाढणाऱ्यानं टोपी घालून नकाशापुढं उभं राहायचं. ज्यांच्या कारखान्यांनी समुद्र फुगवला त्यांच्या देशात डोंगरच्या डोंगर पडलेत म्हणतात. तिथली एक टोपली खडी कुणी आणून इथं ओतली का? ते महाग पडतं. आबाइतीची विहीर बुजवणं स्वस्त पडतं.

ट्रक बेटांना जोडणाऱ्या पहिल्या बांधावर चढला. बांधाच्या जागी पूर्वी पाणी आरपार वाहायचं, खुल्या समुद्रातून आतल्या समुद्रात, दिवसातून दोनदा. आता तिथं दगड होते, वर डांबर होतं, आणि त्या दगडांमध्ये त्याच्या आजोबाचे दगड होते. चाकं त्यावरून गेली की तोआकाईला नेहमी दात आवळावेसे वाटत. आजोबा, आईचे वडील, कौराबी. तेव्हा झेंडा दुसऱ्यांचा होता. पांढऱ्या चड्डीतला एक अधिकारी होडीनं आबाइतीला आला, मनिआबात मांडी घालून बसला, करेवे, माडाची ताजी ताडी, प्याला, हसला आणि म्हणाला, आम्हाला बांध घालायचाय, तुमच्या खडकाचा दगड हवाय, द्याल का? कुणी त्याला बुबुसी शिकवली नव्हती. त्यानं नुसतं मागितलं. पण मागितलं म्हणजे मागितलं. कौराबीनं दिला. चांगला मोठा भाग दिला, हात आखडला नाही, कारण जेवढं मोठं द्यावं तेवढं मोठं मागता येतं, आणि कौराबीच्या मनात मोठं मागायचं होतं. काय मागायचं याचा तो पुढं कैक वर्षं विचार करत राहिला. संध्याकाळी ताडी उतरवायला माडावर चढला की वरूनच खाली उभ्या असलेल्या पोरींना विचारायचा, डॉक्टर मागू का? मोठी घंटा मागू का? एखादं जहाज मागितलं तर? पोरी खिदळायच्या. आई त्या पोरींतली एक.

मग बांध झाला. पाण्याची वाट अडली, प्रवाहानं कूस बदलली, आणि आतल्या समुद्रातलं तेरिकी नावाचं टीचभर बेट, जिथं या कुळाचे माड होते आणि आजोबाची आई पुरलेली होती, ते एका कडेनं कुरतडलं जाऊ लागलं. पहिल्या वर्षी दोन माड आडवे झाले. पाचव्या वर्षी मध्येच पाणी खेळू लागलं. अकराव्या वर्षी ओहोटीला वाळूची एक पाठ दिसायची आणि भरतीला तीही नाही. तेव्हा कौराबीला कळलं आपल्याला काय मागायचंय ते. तो आपला एकुलता एक पांढरा सदरा घालून बैरिकीला आला. पांढऱ्या चड्डीतला अधिकारी बदलून गेला होता. कुठं? ठाऊक नाही. त्याच्या खुर्चीत बसलेल्यानं नम्रपणे सांगितलं की त्या व्यवहाराशी माझा संबंध नाही. कौराबी सहा वेळा आला, सहाही वेळा खुर्चीत वेगळं तोंड होतं. मागायचं तर कुणाकडं तरी मागावं लागतं ना. माणूसच सापडेना. झेंडा बदलला, आपली माणसं खुर्चीत आली, त्यांनी तर आजोबाला चहाही दिला आणि सांगितलं, ते त्यांच्या वेळचं. कौराबी मेला तो मागणी पोटात घेऊन. आता तेरिकीच्या जागेवर पाहुण्यांच्या होड्या जातात आणि समुद्र वाढल्यामुळं बुडालेलं बेट म्हणून तिथं फोटो काढतात. तोआकाईनं स्वतः तीनदा असे पाहुणे नेले होते. तिन्ही वेळा त्याच्या जिभेवर आलं होतं की साहेब, हे बुडलं नाही, हे मागून नेलं. तिन्ही वेळा त्यानं पाहुण्यांनी विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं होतं.

सत्तावीस वर्षं हेच. दुभाषा म्हणजे दोन्हीकडच्या शब्दांना फुंकर घालून देणारा माणूस. एकदा उत्तरेतला एक म्हातारा मासेमारीच्या करारवाल्यांना सगळ्यांसमोर म्हणाला होता, या डुकराला विचार, त्याच्या गावच्या तळ्यात मी जाळं टाकलं तर चालेल का. तोआकाईनं भाषांतर केलं होतं, वडीलधाऱ्यांना काही शंका आहेत. पाहुण्यांनी वहीत लिहून घेतलं होतं. आणि पाहुणे नाही म्हणाले की त्यानं कधी नाही सांगितलं नाही. कळवतो म्हणतायत. वरच्यांना विचारतो म्हणतायत. पुढच्या वर्षी बघू म्हणतायत. लोक माना डोलवायचे आणि वाट बघायचे. एका कॅमेरावाल्या बाईनं गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या नेई बवाइटीला पुन्हा एकदा घरातून बाहेर यायला सांगितलं होतं, कारण पहिल्यांदा ऊन चांगलं नव्हतं. तेही त्यानं सांगितलं होतं, विनंती म्हणून, गोड आवाजात. नेई बवाइटी आत गेली, पुन्हा बाहेर आली आणि पुन्हा रडली. त्या बाईनं जाताना तोआकाईच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं होतं, तुम्हाला कसं वाटतं? सगळे हेच विचारतात. बुडणाऱ्या देशातल्या माणसाला कसं वाटतं. राग येतो, असं तो एकदाही म्हणाला नाही. रागाचं भाषांतर करायला त्याला कुणी पगार देत नव्हतं.

आबाइतीला ते पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मनिआबाच्या छपराखाली गाव जमलं होतं, म्हातारे पुढं, बायका मागं, प्रत्येक कूळ आपापल्या वाशाखाली. चुलीवर मासे चढले होते. पाहुणे म्हटल्यावर स्वयंपाक आधी, बोलणं नंतर. नेई तबेरा कुळाच्या जागी पुढं बसली होती, कारण त्यांच्यात आता तिच्याहून मोठं कुणी उरलं नव्हतं. ब्याऐंशीची बाई, हात बाबाईच्या चिखलानं कायमचे काळवंडलेले. तोआकाई पाहुण्यांशेजारी बसला. दुभाषा पाहुण्यांबरोबरच बसतो. तिनं त्याच्याकडं एकदा पाहिलं, तो वाळलाय की जाडावलाय एवढंच बघावं तसं, आणि नजर काढून घेतली. ते सात खड्डे तिच्या पणजीच्याही आधीचे. कमरेएवढे खोल, तळाशी गोडं पाणी, आणि त्यात माणसाच्या खांद्यापर्यंत येणारी पानं. कुठल्या झाडाचा पाला, किती कुजवून, कुठल्या दिवशी घालायचा हे ती कुणाला सांगत नाही. घरात एकालाच सांगतात. तोआकाईला तिनं सांगितलं नव्हतं. तू शहरात राहतोस, तुला काय करायचंय, असं ती एकदा साधेपणानं म्हणाली होती, आणि तो वरवर हसला होता पण आतून चिडला होता, कारण ते खरं होतं. दोन खड्ड्यांतली पानं गेल्या साली पिवळी पडली. खारं पाणी तळातून येतंय. बाकीचे पाच अजून हिरवे होते.

इओबी आधी बोलला, लांबण लावून. राष्ट्र, भविष्य, आपली मुलं. मग हॅलोरननं चटईवर नीट मांडी घातली, मान खाली घेतली आणि वाक्य म्हटलं. आखूड, स्वच्छ, कुठंही न अडखळता. छपराखाली हलकी कुजबूज झाली. एका म्हाताऱ्याच्या तोंडून कौतुकाचा आवाज निघाला. आपल्याच घराचं कुलूप आपण याला उघडून दाखवलं, आणि आता आई उठून दार उघडणार, कारण तिला दुसरं काही येत नाही. बापाला आलं नाही, तिला कुठून येणार? कागद तिच्यापुढं सरकवला गेला. शाईची डबी उघडली. तिनं कागदाकडं पाहिलं नाही. ती हॅलोरनकडं बघत होती, निरखून, बाजारात मासा बघतात तशी, आणि मग तिनं विचारलं, याला पोरंबाळं किती?

तोआकाईनं विचारलं. हॅलोरनचा चेहरा खुलला. दोन मुली. त्यानं फोन काढून फोटो दाखवला, आणि फोन हातोहात साऱ्या मनिआबात फिरला. बायका मागून माना उंचावून बघत होत्या, दात किती सुंदर, केस किती पिवळे. धाकटीचं नाव काय? आयव्ही. चार वर्षांची. नेई तबेरानं ते नाव दोनदा जिभेवर घोळवलं. फोन तिच्या हातात आला तेव्हा तिनं काळवंडलेल्या बोटानं पडद्यावर हळूच पुसल्यासारखं केलं.

"सांग त्याला," ती म्हणाली. "तुझी मागणी कानावर पडली. आमच्यात कानावर पडली म्हणजे दिली. माझ्या बापानं दिलं तेव्हा तो उलट मागायला थांबला आणि मागायला माणूसच राहिला नाही. मी थांबणार नाही, हा माणूस अजून समोर बसलाय. माझीही बुबुसी आहे. ही धाकटी मला दे. नात म्हणून. खणल्यावर जी जमीन उरेल तिच्यावर मी हिला वाढवीन. चांगलं काम आहे म्हणतो ना? मग त्याची लेक राहील इथं. म्हणजे त्यालाही येत राहावं लागेल."

मनिआबात कुणी हसलं नाही. हसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. आजीनं नात मागायची, आईबापांनी काळजावर दगड ठेवून द्यायची, हे इथं घरोघर आहे. तोआकाईची मधली मुलगी नऊ महिन्यांची असताना मोठ्या चुलतभावानं मागितली होती. तो दूरच्या बेटावर राहतो, त्याला मूल नव्हतं. मेआउआ दोन रात्री झोपली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं पोरीला न्हाऊमाखू घातलं, नवी चटई गुंडाळून दिली आणि धक्क्यावर स्वतःच्या हातानं चुलतभावाच्या बायकोकडं सोपवलं. होडी निघाल्यावर ती म्हणाली होती, चला, उशीर होतोय. आता ती मुलगी एकोणीस वर्षांची आहे, तोआकाईला काका म्हणते, आणि दरवेळी तो शब्द त्याला गळ्यात काट्यासारखा लागतो. देणं म्हणजे काय असतं ते त्याला ठाऊक होतं. समोर बसलेल्या माणसाला ते ठाऊक नव्हतं, आणि तरी त्यानं ते वाक्य म्हटलं होतं.

त्यानं भाषांतर केलं. काही गाळलं नाही, कशावर फुंकर घातली नाही. हॅलोरन हसला, अगदी मनापासून, आणि हसतच तोआकाईकडं वळला. तोआकाई हसला की ही थट्टा आहे हे नक्की होणार होतं. सत्तावीस वर्षं अशा वेळी तोआकाईचं तोंड आपोआप हसायचं, गालाला त्याची सवयच लागली होती. आज त्यानं गाल हलू दिला नाही. हॅलोरनचं हसू हळूहळू विरलं. ती खरंच म्हणतेय का, असं त्यानं विचारलं. वाट बघतेय, असं तोआकाईनं सांगितलं.

इओबी मध्ये पडला. परक्या भाषेत, घाईघाईनं, ही आपली बोलण्याची पद्धत आहे, आशीर्वादच समजा, असं काहीबाही तो सांगू लागला. तोआकाईनं त्याच परक्या भाषेत त्याला मध्येच थांबवलं.

"आशीर्वाद नाही, मागणी आहे," तो हॅलोरनला म्हणाला. "सकाळी माझ्याकडून नीट करून घेतलीत, तीच."

हॅलोरन लाल झाला. आधी कानांच्या पाळ्या, मग मान. हे कसं शक्य आहे, तो म्हणाला, ही माझी मुलगी आहे. जमीन वेगळी, मूल वेगळं. नाही. अर्थातच नाही. तोआकाईला क्षणभर त्याची कीव आली, आणि कीव आली याचाच त्याला संताप आला. बापच होता तो. चार वर्षांच्या पोरीला कुणी हात लावू नये असंच कुठल्याही बापाला वाटणार. मेआउआलाही वाटलं होतं. कौराबीला आपल्या आईच्या हाडांबद्दल वाटलं होतं. जे त्याचं ते काळजाचा तुकडा आणि जे आपलं ते घनमीटर, हे या माणसाला कुणी दुष्टपणानं शिकवलेलं नव्हतं. त्याला ते श्वास घेण्याइतकं सहज येत होतं, आणि म्हणूनच त्याच्या सभ्य तोंडाकडं बघवत नव्हतं. इओबीनं तोआकाईच्या दंडाला गच्च धरलं. "कळवतो म्हणतोय असं सांग," तो दातांतून पुटपुटला. "तुझ्या पोराबाळांची शपथ आहे. तुझं घरही त्याच कागदावर आहे."

होतं. मेआउआ टेबलावर पाय वर घेऊन बसलेली त्याला दिसली. कळवतो. एक शब्द. मग आई अंगठा देईल आणि कळवण्याची वाट बघत बसेल, बापासारखी, खड्ड्यांच्या जागी पडलेल्या खाईच्या काठावर. तोआकाईनं दंड सोडवून घेतला आणि मनिआबाकडं तोंड केलं.

"नाही म्हणतोय," तो म्हणाला.

मागच्या बायकांनी नजरा खाली घातल्या. एका म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं, भर रस्त्यात कुणाचं नेसूचं सुटावं आणि बघणाऱ्यानंच लाजावं तसं. त्या छपराखाली तो शब्द आजवर कुणी बुबुसीच्या उत्तराला वापरला नव्हता. हॅलोरनला वाटलं लोक चिडले आहेत. तसं काही नव्हतं, लोक त्याच्यासाठी शरमले होते. चिडलेला एकच माणूस तिथं होता आणि तो त्याच्याच शेजारी बसला होता.

नेई तबेरानं शाईची डबी बंद केली. झाकण नीट बसलं की नाही हे अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि डबी इओबीकडं सरकवली. "मग माझंही दिलेलं नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजात जिंकल्याचा भाव नव्हता. पाच खड्डे वाचले होते आणि त्यांच्याखालून खारं पाणी येतच होतं, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

इओबीनं कागद पिशवीत कोंबला. उद्या कचेरीत येऊ नकोस, असं तो तोआकाईला शांतपणे म्हणाला, आणि पुढच्या पौर्णिमेला घरात पाणी शिरलं की माझ्याकडंही येऊ नकोस. खुल्या समुद्राकडून वारा आला, छपराच्या झावळ्या सळसळल्या. तोआकाई संध्याकाळी घरी जाऊन बायकोला काय सांगायचं याची जुळवाजुळव करू लागला आणि त्याला एकही शब्द जुळेना. आईनं आपल्याला वाचवलं की बुडवलं, हे त्याला ठरवता येत नव्हतं. हे आपल्यालाच ठरवावं लागतंय, आपल्या आईत आणि आपल्या बायकोत, आणि ज्यांनी ठरवायला हवं होतं ते उद्याच्या विमानानं उडणार आहेत, याचा त्याला इतका राग आला की डोळ्यांपुढं ऊन काळं झालं. हॅलोरन उठून उभा राहिला होता. पायांना मुंग्या आल्यामुळं तो एका पायावर तोल सावरत होता.

"अरे, त्यांना बसव," नेई तबेरा म्हणाली. तिनं मागच्या बायकांना हात केला, आणि उकडलेल्या बाबाईची पहिली ताटली पुढं आली. "जेवल्याशिवाय जाऊ नका म्हणावं."

तोआकाई उठला. हॅलोरनच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला. आजोबाचे दगड, तेरिकीवरची आजोबाची आई, सायकलवर बसून गेलेला मावसभाऊ, धक्क्यावरची नवी चटई, नेई बवाइटीचं दुसऱ्यांदा रडणं, सत्तावीस वर्षांचे कळवतो आणि बघतो, सगळं त्याच्या घशाशी आलं, आणि ते सगळं ओतायला त्याच्यापाशी एवढंच वाक्य होतं. ते त्यानं शिवी घालावी तसं घातलं.

"माझी आई म्हणतेय," तो म्हणाला, "जेवून जा."

हॅलोरनच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. त्यानं छातीवर हात ठेवला. एवढं होऊनही, तो म्हणाला, किती चांगली माणसं आहात तुम्ही, खरंच. आणि तो पुन्हा चटईवर बसला.

"काय म्हणतोय?" नेई तबेरानं विचारलं.

"काही नाही," तोआकाई म्हणाला. "भूक लागलीय म्हणतोय."